काविळीच्या माळा बांधणाऱ्या रुखमाबाई

वैभवीनं रुखमाबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. २०११ सालचा डिसेंबर. नागपूरच्या नंदनवन भागातल्या दोन खोल्यांच्या घरात मुलाकडची सात माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि मुलगी पाहण्याचे नेहमीचे प्रश्न चालले होते. शिक्षण किती, नोकरी सोडणार का, स्वयंपाक कोणाकडून शिकली. कोपऱ्यातली एक ठेंगणी, सावळी बाई मात्र काहीच विचारत नव्हती. ती उठली, वैभवीच्या हातातला ट्रे काढून घेऊन नवऱ्या मुलाच्या मांडीवर ठेवला, तिचं मनगट धरलं आणि तिला दाराशी उन्हात नेलं. मग अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून डोळ्यात पाहिलं. आधी उजव्या, मग डाव्या.

वैभवीच्या आईला वाटलं, आता ही बाई काहीतरी खोट काढणार.

"लिव्हर चांगलं आहे पोरीचं," ती म्हणाली. "रक्त कमी आहे. गूळ-फुटाणे खात जाय वं."

आणि जागेवर जाऊन मुलाच्या मांडीवरच्या ट्रेमधली बशी उचलून पोहे खाऊ लागली. तिच्या बाजूनं पसंती झाली होती.

वैभवी तेव्हा सीताबर्डीजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करायची. डॉक्टर पडद्यावरची चित्रं पाहून तोंडी सांगत आणि ती टाइप करत जाई. सासू होऊ घातलेल्या बाईनं आपल्याला बाजारातल्या शेळीसारखं तपासलं, ही गोष्ट तिनं सेंटरमध्ये आठवडाभर नक्कल करून सांगितली. मशीन चालवणारा स्वानंद म्हणाला, पुढच्या वेळी त्यांना इथंच घेऊन ये, एक मशीन तरी वाचेल. मे महिन्यात वैभवी लग्न होऊन कन्हानला आली.

कन्हानचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाणीच्या ट्रकांची धूळ दारापर्यंत यायची, म्हणून रुखमाबाई दिवसातून तीनदा अंगण झाडत. त्यांचा नवरा खाणीतल्या नोकरीत असतानाच हृदयविकारानं गेला होता, मुलगा जितेंद्र खाणीच्या वर्कशॉपात फिटर. एवढंच कुटुंब. पण बुधवारी आणि रविवारी सकाळी सहापासून या अंगणात चाळीस-चाळीस माणसं बसलेली असत. कामठीहून, मौद्याहून, पारशिवनीहून, थेट रामटेकपलीकडच्या खेड्यांतून लोक येत. रुखमाबाई कावीळ उतरवत. ही विद्या त्यांना सासूकडून आली होती आणि तिचे पैसे घ्यायचे नाहीत हा दंडकही सासूचाच.

नव्या सुनेनं पहिले काही रविवार खिडकीतून पाहिलं, मग अंगणात येऊन पाहिलं, आणि नंतर तीच चुन्याचं पाणी कालवू लागली. रुखमाबाईंची पद्धत ठरलेली होती. माणसाला आधी उन्हात उभं करायचं. घरातल्या बल्बखाली त्या कधी डोळे पाहत नसत, बल्बात सगळंच पिवळं दिसतं म्हणत. मग तीन प्रश्न. लघवीचा रंग कसा, अन्नाचा वास सोसतो का, अंगाला खाज सुटते का. डोळे पिवळे असले तर पितळेच्या परातीवर हात धरायला लावून चुना चोळायचा, वरून पाणी सोडायचं, परातीतलं पाणी पिवळसर होई. त्यानंतर घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या मुळांचे एकवीस तुकडे पांढऱ्या दोऱ्यात गाठी मारून ओवायचे आणि ती इवलीशी माळ डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. दिवस जात तशी माळ लांबत जाई, डोक्यावरून गळ्यात उतरे, गळ्यातून छातीवर. माळ बेंबीला लागली की कावीळ उतरली. एकवीस दिवस तेल नाही, हळद नाही.

मुळं सुकून आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो, हे वैभवीला दुसऱ्याच महिन्यात कळलं. बऱ्याचशा काविळी आराम केला की तीन आठवड्यांत आपोआप उतरतात, हे तिला सेंटरमधल्या डॉक्टरांकडून माहीत होतं. यातलं ती घरात काही बोलली नाही. कारण तिनं आणखीही काही पाहिलं होतं. पोटुशी बाई आली तर रुखमाबाई माळेला हात लावत नसत, तिला सरळ दवाखान्यात पाठवत. कोणी बोलताना बरळू लागलं तर स्वतः रिक्षा बोलावून देत. डॉक्टरच्या गोळ्या चालू असतील तर त्या बंद करू देत नसत. आणि डोळे साफ असतील तर तोंडावर सांगत, "तुले काई नाई गा. लिव्हर साफ आहे. जाय, काम कर आपलं." या एका वाक्यासाठीही कितीतरी लोक यायचे. भीती घेऊन यायचे आणि हलके होऊन जायचे.

सासू-सुनेचं आपसात थट्टेचं नातं झालं. "तुही मशीन पोट चिरल्यासारखं पाह्यते, मी बाहेरूनच पाह्यतो. मले लाईट बिल येत नाही," असं रुखमाबाई म्हणायच्या. वैभवी म्हणायची, आई, तुमचा रिपोर्ट टाइप करायला मला बोट पण हलवावं लागत नाही, एका शब्दात होतो.

मग रोशनीचं झालं. वैभवीची ही मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, दोन दिवस जेवत नव्हती. वैभवीला वाटलं पोट बिघडलं, डॉक्टरनंही पोटाचंच औषध दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रुखमाबाईंनी पोरीला अंगणात उभं केलं, पापणी ओढली आणि म्हणाल्या की कावीळ येऊन राहिली, रक्त तपास. वैभवीनं निरखून पाहिलं, तिला डोळे पांढरेच दिसले. रक्त तपासलं तर कावीळ निघाली. त्या दिवसापासून वैभवीनं सासूच्या नजरेबद्दल मनातसुद्धा शंका घेतली नाही, आणि पुढं जे घडलं त्याची सुरुवात इथंच झाली असं ती आता सांगते.

२०१८च्या दिवाळीआधी रुखमाबाईंना थकवा येऊ लागला. शौचाला काळं व्हायचं. त्यांनी आरशात डोळे पाहिले, ते साफ होते, म्हणून महिनाभर बोलल्या नाहीत. शेवटी झाडताना अंगणातच खाली बसल्या तेव्हा वैभवी त्यांना सेंटरला घेऊन गेली. लहान आतड्याच्या भिंतीत लिंबाएवढी गाठ होती. नागपुरातच ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, तपासणीला गेली.

सर्जन शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर आतडं काढून समजावलं. नेहमीचा कॅन्सर आतड्याच्या आतल्या अस्तरातून निघतो, हा भिंतीतल्या मऊ पेशींतून निघालेला आहे, याची जात वेगळी. हा पसरतो तो रक्तातून. आणि पोटातलं सगळं रक्त आधी लिव्हरमधून जातं. तेव्हा हा परतला तर बहुतेक तिथंच पहिल्यांदा दिसेल. तीन वर्षं रोज एक गोळी, दर सहा महिन्यांनी स्कॅन, आणि गोळी संपल्यावरही स्कॅन सोडायचा नाही.

लिव्हरचं नाव निघाल्यावर रुखमाबाईंना हसू आलं. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदा हसल्या. "तिकडं आला तर मले सांगून येईन डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं तेच पाहून राहिली मी."

डॉक्टरही हसले. वैभवीही हसली.

तीन वर्षं गोळ्या झाल्या. स्कॅन सहाच्या सहा नीट आले. २०२१च्या डिसेंबरात गोळी थांबली आणि पुढचा स्कॅन जूनमध्ये होता. जूनमध्ये जितेंद्रच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. मग रुखमाबाई म्हणाल्या की दिवाळीनंतर जाऊ. दिवाळीनंतर म्हणाल्या, काहून जायचं? त्या नळीत झोपवतात, सुई टोचतात, अंगात गरम पाणी सोडल्यासारखं होते. मी रोज पाहूनच राहिली ना.

आणि त्या खरंच रोज पाहत. नवऱ्याचा दाढीचा छोटा आरसा अंगणातल्या जांबाच्या झाडाला खिळ्यावर टांगलेला होता. सकाळी ऊन भिंतीवर आलं की तिथं उभं राहून त्या दोन्ही पापण्या ओढून पाहत आणि आत चहा ठेवणाऱ्या सुनेला ऐकू जाईल असं म्हणत, "साफ." एवढाच शब्द. वैभवीला त्या शब्दाची सवय झाली. चहाला उकळी यायची वेळ आणि त्या शब्दाची वेळ एकच होती. दीड वर्ष हे असंच चाललं. दिवसभर लोकांच्या लिव्हरचे रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईनं आपल्या घरातल्या माणसाचा स्कॅन दीड वर्ष टळू दिला.

प्रेमानंद शेजारच्या गल्लीत राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे. २०२३च्या उन्हाळ्यात ते एका रविवारी अंगणात येऊन रांगेच्या शेवटी बसले. उजव्या बरगडीखाली हात धरलेला. रुखमाबाईंनी उन्हात उभं केलं, पापणी ओढली, तीन प्रश्न विचारले. डोळे साफ होते. जेवण कमी झालंय, इथं जड वाटतं, एवढं प्रेमानंद म्हणाले. रुखमाबाईंनी सांगितलं, गॅस आहे, ताक पीत जा. पावसाळ्यात ते पुन्हा दोनदा आले. दोन्ही वेळा शेवटी बसले, दोन्ही वेळा डोळे साफ निघाले. जाताना त्यांनी दोन्ही हात जोडले होते, हे चुन्याचं पाणी कालवताना वैभवीनं पाहिलं होतं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी डॉक्टर तिला रिपोर्ट सांगू लागले. वय एकसष्ट. अडीच वर्षांपूर्वी पोटाच्या मागच्या बाजूची, कमरेजवळची मऊ पेशींची गाठ काढलेली. आता लिव्हरमध्ये दोन्ही बाजूंना अनेक गाठी, सर्वांत मोठी नऊ सेंटिमीटर. वैभवीची बोटं सरावानं चालत होती. शेवटी वर नाव घालताना तिनं ते वाचलं.

ती उठून बाहेर आली. प्रेमानंद बाकावर बसले होते, शेजारी त्यांची बायको इंदूबाई. वैभवीला पाहून ते ओळखीचं हसले. ती त्यांच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. बाहेरचं दुपारचं ऊन त्यांच्या तोंडावर होतं. डोळे स्वच्छ पांढरे होते.

आत येऊन तिनं डॉक्टरांना विचारलं, एवढं लिव्हर भरलंय तर कावीळ कशी नाही. ते सहज म्हणाले, लिव्हर फार मोठं असतं, उरलेला भाग काम करत राहतो. या जातीच्या गाठी पित्ताची नळी दाबेपर्यंत डोळ्यात काही येत नाही. अनेकांना शेवटपर्यंत येत नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये वैभवीनं ठरवलं की आज सांगायचं. घरी आली तर रुखमाबाई रोशनीच्या वेण्या घालत होत्या. तिनं उद्यावर टाकलं. सेंटरचा नियमही होता, कोणाचा रिपोर्ट बाहेर बोलायचा नाही. तो नियम तिला त्या दिवसांत फार उपयोगी पडला. खरी गोष्ट अशी की सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं. तुमच्या नजरेनं एका माणसाचे सहा महिने गेले, आणि तुमच्या स्वतःच्या डोळ्यांनाही काही अर्थ नाही. यातलं एक सांगून दुसरं झाकता येत नव्हतं.

सकाळी ऊन भिंतीवर आलं. अंगणातून आवाज आला, "साफ."

त्यानंतर रोज सकाळी तो शब्द ऐकू यायच्या आधी ती स्वयंपाकघराचा नळ जोरात सोडू लागली. तरी तो यायचा. बसमध्ये यायचा. टाइप करताना लिव्हरच्या ओळीवर आली की यायचा, रुखमाबाईंच्याच आवाजात. एकदा तर एका चांगल्या रिपोर्टमध्ये तिनं नुसतंच "साफ" टाइप केलं आणि डॉक्टरांनी विचारलं, हे काय. स्कॅनची गोष्ट तिनं दोनदा काढली, दोन्हीदा अशी काढली की नाही म्हणणं सोपं जावं. जितेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, माय ऐकणार आहे काय, तूच समजव. असे दोन महिने गेले.

जानेवारीत प्रेमानंद गेले. रुखमाबाई भेटायला गेल्या आणि दुपारी परत आल्या. रविवार होता, वैभवी घरीच होती. रुखमाबाईंनी पाय धुतले, पण आत आल्या नाहीत. अंगणातल्या सतरंजीच्या शेवटच्या टोकाशी बसल्या, जिथं प्रेमानंद बसायचे. तिथूनच बोलल्या.

"इंदू रडली नाही वं. मले चहा दिला. म्हणे, डॉक्टरनं ऑपरेशनच्या वक्तालेच सांगितलं होतं, लिव्हरवर नजर ठेवा. हे म्हणायचे, नजर ठेवायले आपली रुखमाबाई आहे, तिकडं नळीत काहून जायचं."

वैभवी उंबऱ्यात उभी होती.

"तीनदा आला तो. मी तीनदा साफ म्हटलं. कधी गाठ काढली होती काय, हे विचारलंच नाही. त्यानं शर्ट वर केला असता तरी टाके दिसले असते." मग त्यांनी मान वर केली. "तुह्याच इथं काढला होता म्हणे फोटो. तुले माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून."

"काहून नाही सांगितलं?"

वैभवीनं पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. तोंडातून एकच आलं. "तुम्ही रोज सकाळी आरशासमोर उभ्या राहता, आई. मी काय सांगू?"

रुखमाबाई समजल्या. वैभवी सांगते की त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, भीतीही आली नाही. एखादा हिशेब चुकीच्या पानावर मांडला गेल्याचं मास्तरांनी दाखवावं तसं त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माह्ये डोळे बी तसेच असतील."

"उद्याच जाऊ या."

"नाही. माहं शेवटी."

आणि इथं सासू-सुनेचं पहिलं खरं भांडण झालं. रुखमाबाईंचं म्हणणं साधं होतं. ज्यांना ज्यांना त्यांनी बरगडीखाली दुखत असताना साफ म्हणून परत पाठवलं, त्या सगळ्यांना आधी जाऊन सांगायचं. त्यांनी वही कधी ठेवली नव्हती. पण चेहरे लक्षात होते, आणि त्या आठवून आठवून सांगू लागल्या. कांद्रीची एक विधवा, कामठीचा टेलर, मौद्याचे चंपतराव, असे मागच्या दोन वर्षांतले सात जण. वैभवी म्हणाली, तुमचा एकेक दिवस महत्त्वाचा आहे. रुखमाबाई म्हणाल्या, त्यांचाही आहे. जितेंद्र मध्ये पडला तर त्याला म्हणाल्या, "तू चूप राह्य गा. तुह्या बापानं बी मले कधी अडवलं नाही."

अकरा दिवस लागले. रोज सकाळी त्या रिक्षानं, नाहीतर बसनं निघत, लोकांची घरं विचारत जात. कामठीचा टेलर हसला, म्हणाला, बाई, मी तर ठणठणीत आहे, तुमच्या ताकानंच बरं वाटलं. कांद्रीची विधवा घाबरून रडू लागली, तिला घेऊन त्या स्वतः सरकारी दवाखान्यात रांगेत बसल्या. तिला पित्ताशयात खडे निघाले. चंपतरावांच्या घराला कुलूप होतं, मुलाकडे पुण्याला गेले होते. त्यांचा नंबर मिळवायला दोन दिवस गेले. फोनवर त्यांना हे सगळं समजावताना रुखमाबाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या आणि वैभवी दारात उभी राहून त्यांचा आवाज ऐकत होती. त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, मी चुकली भाऊ, मले बाहेरून दिसलं नाही.

त्या अकरा दिवसांत सकाळी कोणी आरशासमोर उभं राहिलं नाही. वैभवी नळ सोडायची नाही. घर इतकं शांत असायचं की तिला चहा उकळल्याचं भान राहत नसे.

बाराव्या दिवशी रुखमाबाई स्वतःहून चपला घालून तयार बसल्या. सेंटरमध्ये स्वानंदनं त्यांना मशीनवर घेतलं. अर्ध्या तासानं डॉक्टर पडद्यासमोर बसले. वैभवीला म्हणाले, हा रिपोर्ट दुसऱ्या कोणाला टाइप करू दे. ती म्हणाली, मीच करते.

फुफ्फुसं नीट होती. किडन्या नीट होत्या. लिव्हरशी आल्यावर डॉक्टर थांबले. त्या थांबण्यातच तिला कळलं. उजव्या भागात दोन गाठी, एक सव्वातीन सेंटिमीटर, एक दोनच्या आत. तिनं आकडे टाइप केले, बरोबर आहेत का ते पुन्हा वाचून दाखवलं आणि बाहेर आली.

रुखमाबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. या वेळी पापणी ओढावी लागली नाही.

"किती?"

"दोन."

"कोणत्या बाजूले?"

"उजव्या."

रुखमाबाईंनी तळहात बरगडीखाली ठेवला, थोडा दाबला, सरकवून पुन्हा ठेवला. "काईच तर वाटत नाही वं इथं," त्या म्हणाल्या. नवलानं म्हणाल्या, तक्रारीनं नाही.

सर्जननी जुना कागद काढला. तोच कॅन्सर, आतड्याच्या भिंतीतला, लिव्हरमध्ये आलेला. पुन्हा तीच गोळी, या वेळी तीन वर्षं नाही, चालेल तोवर. ती याला बांधून ठेवते, कोणाचा दोन वर्षं, कोणाचा दहा. जून २०२२मध्ये स्कॅन झाला असता तर काय, हे वैभवीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले की तेव्हा काही दिसलं असतं की नाही हे आता कोणी सांगू शकत नाही. हे उत्तर दयेचं होतं की खरं होतं, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

रुखमाबाईंनी माळा बांधणं सोडलं. लोकांना ते समजायला वेळ लागला. रविवारी अजूनही दहा-पंधरा जण येतात. रुखमाबाई सतरंजी टाकून बसतात, पण परात नसते, चुना नसतो. आलेल्याला पहिला प्रश्न एकच असतो, आतापर्यंत अंगातली कोणती गाठ काढली होती काय, कधी, कुठली, डॉक्टरनं काय पाहायला सांगितलं होतं. उत्तर हो आलं तर त्याला तिथल्या तिथं उठवतात आणि दवाखान्यात जायला लावतात. बाकीच्यांना रक्त तपासायला पाठवतात. काहींना हे आवडत नाही. बाईची विद्या गेली म्हणून ते नदीपलीकडच्या दुसऱ्या एका माणसाकडे जातात, तो माळ बांधतो.

सतरंजीच्या शेवटच्या टोकाला मात्र त्या कोणाला बसू देत नाहीत. कोणी नकळत बसलं तर म्हणतात, इकडं सरकून बस गा, तिथं माणूस आहे. बसणारा इकडंतिकडं पाहतो आणि सरकतो. वैभवीनं एकदा विचारलं होतं, तुम्हाला दिसतात का ते. रुखमाबाई म्हणाल्या, दिसत नाही. नंबर आहे त्याचा, अजून आला नाही. हे त्या वांगी निवडता निवडता म्हणाल्या. वैभवीनं पुन्हा विचारलं नाही. पण रविवारी सतरंजी झटकून टाकताना ती स्वतःही आता त्या टोकावर पाय देत नाही.

इंदूबाई महिन्यातून एकदा येतात. दोघी अंगणात बसून बोलतात, बहुतेक भाज्यांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल. प्रेमानंदांचं नाव इंदूबाईच काढतात. रुखमाबाई ऐकतात. त्यांनी माफी मागितली का, हे वैभवीला माहीत नाही. ती घरी नसताना मागितली असेल.

रुखमाबाईंना आता बहात्तरावं चालू आहे. रोज दुपारी जेवण झाल्याबरोबर त्या पेलाभर पाण्यासोबत एक गोळी घेतात, आणि दर तीन महिन्यांनी वैभवीबरोबर बसनं सीताबर्डीला जाऊन स्कॅन करून येतात. मागच्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये मोठी गाठ दोन पूर्णांक सहा सेंटिमीटर होती, आणि लहान होती तेवढीच आहे.